डग्ग्याची परीक्षा

"पाचशे-सातशेच्या आत दाखवा, पण बेस दणकून पाहिजे." मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इअरफोनच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की ही मागणी हमखास कानावर पडते. दुकानदार लगेच काउंटरवर खोकी मांडतो. कशावर 'एक्स्ट्रा बेस', कशावर 'डीप बेस', कशावर 'सुपर बेस'. डोंबिवलीहून रोज लोकलने कॉलेजला जाणाऱ्या भाच्यासाठी मी त्याच काउंटरवर उभा होतो. इअरफोन वायरवालाच घ्यायचा, हे आमचं आधीच ठरलं होतं. कमी बजेटमध्ये ते शहाणपणाचं असतं, कारण ब्लूटूथवाल्या जोडीत त्याच पैशांतून बॅटरी, चिप आणि चार्जिंगची डबीही भागवावी लागते.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून निवड होत नाही. '२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ' हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं. माणसाचा तरुण कान साधारण तेवढंच ऐकतो. पण त्या पट्ट्यातला कुठला स्वर किती जोरात वाजतो, हे त्यावरून कळत नाही. '१६ ओहम' किंवा '३२ ओहम' याचा अर्थ साधा मोबाइल तो सहज वाजवू शकेल, एवढाच. '१० मिमी ड्रायव्हर' म्हणजे आतला पडदा केवढा, हे कळतं. तो कसा जुळवलाय, हे नाही.

बेस तयार कसा होतो ते समजलं की निवड सोपी होते. स्वस्त इअरफोनमध्ये बहुधा डायनॅमिक ड्रायव्हर असतो: एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की पडदा मागेपुढे हलतो. खर्जातल्या स्वरांसाठी कानातल्या इवल्याशा हवेवर दाब धरून ठेवावा लागतो. रबराची टोपी आणि कान यांच्यात जरा फट राहिली की तो दाब निसटतो. वरच्या स्वरांना त्याचा फारसा फटका बसत नाही, बेस मात्र गळून जातो.

हे काउंटरवरच दिसलं. डेमो पीस कानात घालून भाचा म्हणाला, "मामा, यात बेसच नाहीये." टोपी मधल्या मापाची होती. दुकानदाराने मोठी टोपी बसवून दिली आणि म्हणाला, "दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढ, मग आत सरकव." कान वर-मागे ओढला की आतला मार्ग सरळ होतो. भाच्याचे डोळे मोठे झाले. इअरफोन तोच, गाणं तेच. उजव्या कानात मात्र मोठी टोपी टोचत होती, तिथे मधलीच बसली. दोन कान दोन मापांचे असू शकतात, म्हणून खोक्यातल्या तिन्ही टोप्या घालून बघितल्याशिवाय कुठल्याही इअरफोनला नाव ठेवू नये. डेमो पीस देणारं दुकान त्यासाठीच शोधावं.

मग परीक्षा. पहिली डग्ग्याची. तबलजी 'घे' वाजवून मनगट पुढे सरकवतो तेव्हा स्वर खालून वर चढतो. ज्या इअरफोनमध्ये तो चढ नीट ऐकू येतो, त्याचा बेस ताब्यात आहे. नुसतंच 'धुम्' ऐकू आलं तर त्यात फक्त घुमारा आहे. दुसरं गाणं भाच्याच्या आवडीचं, २०१६च्या 'सैराट'मधलं अजय-अतुलचं 'झिंगाट'. यात बघायचं ते एवढंच, की ठोका सुटा पडतो का आणि त्यामागे शब्द स्पष्ट राहतात का. तिसरं, तानपुऱ्यावरचं पुरुषाचं गाणं. आवाज फुगून मडक्यातून आल्यासारखा वाटला, तर खर्जाच्या वरचा भाग अवाच्या सवा वाढवलेला असतो. 'एक्स्ट्रा बेस'वाली एक जोडी इथेच बाद झाली.

तुलना करताना दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्या वाजतील असा आवाज लावावा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्ये मोजून दाखवलं होतं, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर वरच्यांपेक्षा बरेच कमी ऐकू येतात. त्यामुळे जी जोडी मोठ्याने वाजते तिचाच बेस भारी वाटतो, आणि गिऱ्हाईक फसतं.

लोकलमध्ये हा प्रश्न कानाच्या तब्येतीचा होतो. गाडीची घरघर खालच्या पट्टीतली, ती नेमकी बेसच झाकते. मुलं मग आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं. ९० डेसिबलला फक्त ४ तास. घट्ट बसलेली टोपी बाहेरचा बराचसा गोंगाट अडवते, त्यामुळे कमी आवाजात भागतं. पण त्याच टोपीमुळे हॉर्नही ऐकू येत नाही. रस्ता ओलांडताना आणि फलाटाच्या कडेला इअरफोन काढायलाच हवेत, हे मी भाच्याला दुकानातच बजावलं.

शेवटी घेतलेल्या जोडीच्या खोक्यावर बेसचा उल्लेखही नव्हता. पिनेपाशी वायरला रबराचा आधार होता, कारण वायर बहुतेक वेळा तिथेच तुटते. उरलेल्या पैशांत फोमच्या टोप्यांचा एक जोड घेतला. त्या दाबून आत घातल्या की फुगून कानाचा आकार घेतात. हजाराच्या आतल्या इअरफोनकडून अपेक्षा एकच ठेवावी: आवाज अर्ध्यावर आणला तरी डग्ग्याचा चढ ऐकू यावा. तो येत असेल, तर ती जोडी निर्धास्त घ्यावी.