छोट्या मोटरीचा मोठा प्रवाह

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारपेठेला वाळवंटी नदीच्या पुराची धास्ती जुनीच. नदीकाठची भिंत पूर अडवते आणि आत साचलेले नाल्याचे पाणी पंप नदीत फेकतात. गोव्यातल्या शाळांत आता रोबोटिक्स शिकवतात, तेव्हा पाणी चढले की आपोआप सुरू होणारा छोटा पंप हा इथल्या मुलांना सहज सुचावा असा प्रकल्प आहे. 12 व्होल्टची बॅटरी, छोटी डीसी मोटर, आर्डुइनो, पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर आणि मोटर चालू-बंद करणारा तो सर्वपरिचित निळा रिले, एवढ्यात काम भागते. रिलेवर 10 अँपिअर छापलेले असते, मोटर चालताना 2 अँपिअर घेते, म्हणजे पाचपट वाव आहे असा हिशोब मांडला जातो. हा हिशोबच चुकीच्या आकड्यावर उभा आहे. रिले निवडायचा तो मोटर अडकलेली असताना किती प्रवाह ओढते, त्यावरून.

मोटर फिरू लागली की तिच्या गुंडाळीत उलटा विद्युतदाब तयार होतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. थांबलेल्या मोटरीत तो नसतो, असतो फक्त तारेचा रोध. तो 1 ओहम असेल, तर सुरुवातीला 12 अँपिअरपर्यंत प्रवाह धावतो. नेमके त्याच क्षणी रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांवर आपटून उसळत असतात आणि ठिणग्यांनी त्यांचा पृष्ठभाग वितळतो. ते चिकटले, तर रिलेची कॉइल बंद करूनही मोटर थांबत नाही. पावसाळी गटारात याहून वाईट घडते. पात्यात प्लास्टिक अडकून मोटर जाम होते आणि तो मोठा प्रवाह वाहतच राहतो. अशा वेळी उघडणे ही रिलेची सर्वांत कठीण परीक्षा, कारण घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येऊन ठिणगी विझवतो, डीसी मात्र शून्यावर येतच नाही. म्हणून रिलेवरचा 250 व्होल्ट एसीचा आकडा इथे कामाचा नाही. डीसीचा आकडाही बहुधा हीटरसारख्या साध्या भाराचा असतो.

‘आमचा निळा रिले तर कित्येक महिने चालतोय,’ असे कुणी म्हणेल. चालेलही, पण प्रत्येक ठिणगी कॉन्टॅक्ट थोडा थोडा खाते आणि ही झीज बाहेरून दिसत नाही. रिलेऐवजी मॉसफेट वापरा, हा सल्ला अधिक वजनदार आहे. मोटरीचा वेग बदलायचा असेल तर तोच योग्य. मात्र जादा प्रवाहाने बिघडलेला मॉसफेटही बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो, तेव्हा अडकलेल्या मोटरीचा आकडा त्यालाही चुकत नाही.

अशा पंपाला मोटारगाडीचा 12 व्होल्ट, 30 अँपिअरचा रिले घ्यावा. तो डीसीसाठीच घडवलेला असतो. त्याची कॉइल शंभराहून अधिक मिलिअँपिअर मागते, जे आर्डुइनोच्या पिनला झेपत नाही, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलला उलटा डायोड हवाच. एकाच दिशेने फिरणाऱ्या मोटरीलाही तसाच डायोड जोडावा आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवावा. रिले घेण्याआधी मोटरीचा दांडा हाताने थोडा थोडा फिरवून, दर वेळी थांबवून मल्टिमीटरने रोध मोजा, सर्वांत कमी आलेल्या आकड्याने 12 ला भागा आणि रिलेचा डीसी आकडा त्या उत्तराहून बराच मोठा असेल तरच तो विकत घ्या.