अर्ज, पोच आणि उत्तर

पहिल्या सत्राचे तास सुरळीत सुरू झाले की विभागात सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, ठरतात. पद्धत सरळ असते. तास संपता संपता वर्गशिक्षक विचारतात, "कोण तयार आहे?" दोन-चार नावं निघतात, हात वर होतात आणि एक मुलगा, एक मुलगी अशी जोडी पक्की होते. आमच्या एमएस्सी रसायनशास्त्राच्या वर्गात मुलींमधून माझं नाव आलं आणि मी ते आनंदाने घेतलं.

सुरुवातीला हे निव्वळ निरोप पोचवण्याचं काम वाटतं. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, विलंब शुल्क कधीपासून, एबीसी आयडी कोणाचा राहिलाय, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या कागदासाठी अडकलाय, जर्नलवर सह्या कधी मिळणार. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे ऑन जॉब ट्रेनिंगला 4 श्रेयांक आहेत, म्हणून कंपनीला द्यायच्या पत्रासाठीही कार्यालयात खेटे असतात. हे सगळं महत्त्वाचंच आहे. एक तारीख चुकली तर एखाद्याचं वर्ष अडतं. पण सीआरचं खरं काम उलट्या दिशेने सुरू होतं, वर्गाकडून विभागाकडे.

आमच्याकडे एका विषयाला तासिका तत्त्वावरचे सर होते. त्यांच्या सोयीने आठवड्यातले दोन तास सकाळी आठला घ्यायचं ठरलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर भराभर अंगठे आले. चार-पाच जणांनी "चालेल" लिहिलं. विषय तिथेच मिटला असता. पण साठ जणांच्या ग्रुपवर बोलणारे नेहमी तेच दहा-बारा असतात. हॉस्टेलवर किंवा जवळच्या फ्लॅटवर राहणारे, पटकन टाइप करणारे. बाकीच्यांचं गप्प राहणं होकारात धरलं जातं.

ज्यांचं म्हणणं ग्रुपवर येत नाही त्यांना गाठायला प्रयोगशाळेसारखी जागा नाही. राउंड बॉटम फ्लास्कमध्ये मिश्रण भरलं, कंडेन्सरचं पाणी सुरू केलं आणि रिफ्लक्स लागला की तास-दीड तास कोणाला जागा सोडता येत नाही. हात मोकळे असतात आणि समोर एकच माणूस असतो. त्या प्रॅक्टिकलला मी वही घेऊन एकेका टेबलापाशी गेले. वहीत तीन रकाने आखले होते: अडचण आहे का, नेमकी काय, आणि दुसरं काय चालेल.

तेव्हा चित्र बदललं. वर्गातले पाच जण 'कमवा आणि शिका' योजनेत सकाळी काम करत होते. कोणी बागेत, कोणी ग्रंथालयात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतून आलेल्या या योजनेत तासावर पैसे मिळतात. काम बुडालं की मेसचं बिल थकतं. दोघं दौंडहून रेल्वेने येत होते आणि आठला पोचायचं तर त्यांना पहाटे घर सोडावं लागणार होतं. एकीची आई आजारी होती, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक या मुलीवरच होता. "अगं, ग्रुपवर काय लिहू? सगळे हो म्हणतायत," ती म्हणाली. या आठांपैकी एकानेही ग्रुपवर अक्षर लिहिलं नव्हतं.

मग अर्ज. 'प्रति, मा. विभागप्रमुख' इथपर्यंत सगळ्यांना येतं. खरी कसोटी विषयाच्या ओळीपासून लागते. 'सकाळचे तास रद्द करावेत' असं लिहिलं की समोरच्याच्या हातात नकारापलीकडे फारसं काही राहत नाही. आम्ही दोघा सीआरनी आधी कार्यालयात जाऊन वेळापत्रकाचा मोठा तक्ता पाहिला. बुधवारी दुपारी दोनला एक वर्गखोली रिकामी होती, शनिवारी प्रॅक्टिकलनंतर दुसरी. अर्जात किती जणांना कोणत्या प्रकारची अडचण आहे ते लिहिलं, नावं लिहिली नाहीत आणि दोन्ही पर्याय खोली क्रमांकासह दिले. सह्या घेतल्या. दोन प्रती काढल्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. या पोचपावतीला फार किंमत असते. तोंडी सांगितलेली गोष्ट विसरली जाते, आवक नोंदवहीत चढलेल्या अर्जाला कोणीतरी उत्तर देणं लागतं.

विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं तेव्हा ते सरही होते. त्यांनी आपला आठवडा समोर ठेवला: तीन कॉलेजं, तासावर मानधन, मधला प्रवास. बुधवार त्यांना जमणार होता, दुसरा तास हलवणं शक्य नव्हतं. बोलून बाहेर पडताना आमच्या हातात अर्धा होकार आणि अर्धा नकार होता.

प्रतिनिधीचं काम इथे निम्मंच होतं. उरलेलं निम्मं वर्गात परत जाऊन उभं राहण्यात आहे. काय मिळालं, काय मिळालं नाही आणि का, हे तिन्ही सांगावं लागतं. होकार कोणीही उड्या मारत सांगतं. नकार सांगायचा राहून जातो आणि मग वर्गाला वाटतं, अर्ज देऊन काही होत नाही. आम्ही सरांची अडचणही सांगितली. थोडी कुरकुर झाली, पण त्याच बैठकीत तोडगाही निघाला. 'कमवा आणि शिका'च्या समन्वयकांना आम्ही दुसरा अर्ज दिला आणि पाच जणांना त्या एका दिवशी संध्याकाळचं काम मिळालं. दौंडच्या दोघांसाठी त्या तासाच्या नोट्स त्याच दिवशी द्यायची जबाबदारी वर्गाने पाळीने घेतली. कारण कळलं नसतं, तर यातलं काही सुचलं नसतं.

प्रतिनिधी कसा निवडावा यावर महाराष्ट्राने बराच काळ विचार केला आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात आदल्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर वर्गाचा विद्यार्थी नेमला जाई. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद केली, पण 2019 मध्ये घोषणा होऊनही त्या लांबणीवर पडल्या. निवडणुका व्हायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. पण निवडून आलेल्यालाही टेबलाटेबलावर जाऊन विचारावंच लागेल. गुण किंवा मतं माणसाला खुर्ची देतात. दौंडहून येणाऱ्याची अडचण विचारल्याशिवाय कळत नाही.

काही गोष्टी मात्र सीआरच्या वहीत उतरू नयेत. छळाची किंवा अपमानाची तक्रार घेऊन कोणी आलं तर सह्या नाहीत, ग्रुप नाही, चर्चा नाही. तिथे आपलं काम फक्त सोबत जाण्याचं: अंतर्गत तक्रार समितीकडे किंवा विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. यूजीसीच्या 2023 च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर लोकपालाकडे दाद मागता येते. ही मुदत प्रत्येक सीआरला पाठ हवी.

अशी मुदत साध्या अर्जांनाही हवी. प्रत्येक विभागाने महिन्यातून एकदा सीआरची बैठक घ्यावी, इतिवृत्त लिहावं आणि दिलेली उत्तरं, नकारांसकट, कारणांसकट, सूचना फलकावर तारखेनिशी लावावीत. याला खर्च काही नाही. आणि पुढच्या वर्षीच्या सीआरनी अर्ज, पोच आणि उत्तरं यांची एक फाइल ठेवावी आणि पद सोडताना ती पुढच्या बॅचच्या हाती द्यावी. दर वर्षी तोच प्रश्न पहिल्यापासून मांडायची पाळी विद्यार्थ्यांवर आता येऊ नये.