पुसलेल्या फाइलींचा हिशेब

लाखभर नोंदी तारखेनुसार लावायच्या असतील, तर डेटाबेस आधी ते काम मेमरीतच उरकायला बघतो. पोस्टग्रेसमध्ये एका सॉर्टला किती मेमरी मिळेल हे ‘वर्क_मेम’ या सेटिंगवर ठरतं. कोणी हात लावला नसेल, तर ती असते फक्त ४ एमबी. तेवढ्यात काम मावलं नाही, तर मावेल तेवढ्या नोंदी लावून डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत ठेवायच्या, पुढचा भाग घ्यायचा आणि शेवटी लावलेले तुकडे एकमेकांत मिसळायचे. ही रीत चुंबकीय टेपच्या जमान्यातली. पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमध्ये या तुकड्यांना आजही ‘टेप’च म्हणतात.

काम झालं की फाइल पुसली जाते. मागे राहतात ‘पीजी_स्टॅट_डेटाबेस’मधले दोन आकडे : ‘टेम्प_फाइल्स’ आणि ‘टेम्प_बाइट्स’. ते विजेच्या मीटरसारखे चढतच जातात. ५०० जीबी पाहून घाबरण्याआधी मोजणी कधीपासूनची आहे ते बघा. सकाळी आणि संध्याकाळी आकडा टिपून वजाबाकी केली, तरच दिवसाचा वापर कळतो. फाइलींच्या संख्येवरही फार विसंबू नये, कारण मोठी फाइल १ जीबीच्या तुकड्यांत मोडते आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो.

सर्वांत घातक गोष्ट वेगळीच आहे. ही नोंद फाइल बंद होताना होते. म्हणजे या क्षणी एखादी क्वेरी डिस्क गिळत असेल, तर आकडा जागचा हलणारही नाही. तेव्हा थेट ‘पीजीएसक्यूएल_टीएमपी’ फोल्डरच उघडून पाहावा लागतो.

शिवाय हे आकडे गुन्हेगाराचं नाव सांगत नाहीत. त्यासाठी ‘लॉग_टेम्प_फाइल्स’ शून्यावर ठेवा, म्हणजे प्रत्येक तात्पुरत्या फाइलीचा आकार लॉगमध्ये उतरतो आणि क्वेरी सापडते. ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’मध्ये ‘एक्स्टर्नल मर्ज’ दिसलं, की सॉर्ट डिस्कवर गेला हे नक्की.

मग सरसकट वर्क_मेम वाढवायची घाई होते, आणि तीच महागात पडते. ही मर्यादा कनेक्शनला नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला लागू होते. ६४ एमबी, १०० कनेक्शन, प्रत्येकी दोन सॉर्ट : मागणी १२,८०० एमबीपर्यंत जाऊ शकते. त्यापेक्षा रात्रीच्या जड रिपोर्टपुरती, त्याच सेशनमध्ये वाढवावी. योग्य इंडेक्स असेल, तर सॉर्टच टळू शकतो. वाढवताना मात्र हात जरा सैल ठेवा : मेमरीत त्याच नोंदींना डिस्कपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे डिस्कवर ३० एमबी दिसले म्हणून ३० एमबी पुरतीलच असं नाही.