हाली रुपयाचा भाव

हैदराबाद संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले, तोवर धर्माबादसह सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तेथे ‘हाली सिक्का’ हे संस्थानाचे स्वतःचे चलन चाले. त्यातले चारमिनारचे चित्र असलेले चांदीचे रुपये आज संग्राहक ऑनलाइन बाजारात शोधतात. अशा नाण्याला ठरीव भाव नसतो. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर असते, ते आरंभीच्या नाण्यांवर अर्धे आणि नंतरच्यांवर पूर्ण कोरलेले आढळते, आणि सुमारे 11 ग्रॅमच्या दोन सारख्या दिसणाऱ्या नाण्यांचे मोल एवढ्याशा रेषेने किंवा झिजेने बदलते.

म्हणूनच ईबेसारख्या संकेतस्थळावर विक्रेता किंमत लावून शिवाय ‘बेस्ट ऑफर’ची, म्हणजे ग्राहकाने स्वतःचा भाव कळवण्याची, सोय ठेवू शकतो, तो भाव त्याने मुदतीत स्वीकारावा, नाकारावा किंवा उलट प्रस्ताव द्यावा. लिलावाची बोली उघड असते, येथील बोलणे मात्र दोघांतच राहते, जसे रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवण्याच्या हत्ता पद्धतीत राही. ईबेवरील व्यवहारांच्या अभ्यासांत असे दिसले, की दोन्ही पक्ष पुष्कळदा दोन भावांच्या मध्यावर येतात, आणि शंभराच्या पटीत किंमत लावणाऱ्याला प्रस्ताव कमी रकमेचे, पण लवकर येतात. ग्राहकाला त्यात विकण्याची घाई दिसते, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

शंभर वर्षांहून जुने नाणे मात्र 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यामुळे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग परदेशातून प्रस्ताव कितीही चांगला येवो.