प्रगतीचा जाब एकट्या संशोधकालाच का?

दर सत्राच्या अखेरीस देशातल्या विद्यापीठांत एक बैठक भरते. टेबलाच्या एका बाजूला तीन-चार प्राध्यापक बसलेले असतात, दुसऱ्या बाजूला एकटा संशोधक विद्यार्थी. गेल्या सहा महिन्यांत काय वाचले, फील्डवर्क कुठवर आले, प्रबंधाची किती प्रकरणे लिहून झाली, हे त्याने थोडक्यात मांडायचे. समितीने प्रश्न विचारायचे, सूचना करायच्या आणि अखेरीस अहवालावर शेरा लिहायचा : प्रगती समाधानकारक अथवा असमाधानकारक. शेरा एका शब्दाचा असतो, पण त्याच्या आधारे मोठे निर्णय होतात. फेलोशिप चालू राहणे, वसतिगृहातली खोली टिकणे आणि अखेर नोंदणी शाबूत राहणे, या साऱ्या गोष्टी त्या शब्दाशी बांधलेल्या असतात.

हा प्रश्न आता मूठभरांचा राहिलेला नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात पीएच.डी.साठी नोंदणी केलेले विद्यार्थी १.१७ लाख होते; २०२१-२२ मध्ये ती संख्या २.१२ लाखांवर गेली. यांत स्त्रियांची संख्या याच काळात दुपटीहून अधिक वाढून ९८ हजारांच्या पुढे पोहोचली. ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेची भाषा करणाऱ्या देशाने या वाढीचे स्वागतच करायला हवे. मात्र प्रवेश घेणाऱ्यांपैकी किती जण प्रबंध पूर्ण करतात, किती वर्षांत करतात आणि जे मध्येच सोडतात ते का सोडतात, या प्रश्नांकडे आपली व्यवस्था फारसे गांभीर्याने पाहत नाही. जेव्हा पाहते, तेव्हा उत्तर एकाच माणसाकडे मागते, आणि तो माणूस म्हणजे विद्यार्थी.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या किमान मानकांविषयीचे विनियम प्रथम २००९ मध्ये, नंतर २०१६ मध्ये आणि आता नोव्हेंबर २०२२ मध्ये जारी केले. सध्याच्या विनियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. पण एकूण मुदत आठ वर्षांपलीकडे जाता कामा नये. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि त्यांच्यासाठी कमाल मर्यादा दहा वर्षांची आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते.

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते. विद्यार्थ्याने दर सत्रात तिच्यासमोर आपल्या कामाचा आढावा मांडायचा आणि समितीने प्रगती अहवाल संस्थेकडे पाठवायचा. प्रगती असमाधानकारक असेल तर समितीने कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे. ते उपाय अमलात आले नाहीत, तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करण्याचा अधिकारही तिला आहे.

या तरतुदी मुळात चुकीच्या नाहीत. ज्यांनी जुने दिवस पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की, एकेकाळी पीएच.डी. बारा-पंधरा वर्षे रेंगाळत असे. मार्गदर्शकाची मर्जी हाच नियम असे आणि गुरुजींची घरगुती कामे करणे हा संशोधनाचाच एक भाग समजला जाई. नियमित आढावा आणि निश्चित मुदत यांमुळे या मनमानीला काही प्रमाणात आळा बसला. सार्वजनिक पैशातून फेलोशिप घेणाऱ्याने कामाचा हिशेब द्यावा, ही अपेक्षाही रास्त आहे. तेव्हा तक्रार हिशेब मागण्याविषयी नाही. तो एकाच पक्षाकडून मागितला जातो, हा खरा आक्षेप आहे.

समितीचे निमंत्रक कोण?

प्रबंध रखडण्याची कारणे अनेक असतात. विद्यार्थ्याचा आळस किंवा कुवत हे त्यांतले एक झाले. परंतु मार्गदर्शकाने महिनोन् महिने प्रकरण न वाचणे, त्याचे दीर्घ रजेवर जाणे, प्रयोगशाळेतले उपकरण बंद पडणे, अभिलेखागारात प्रवेशाची परवानगी न मिळणे, विभागात त्या विषयाचा दुसरा जाणकारच नसणे, हीदेखील कारणेच आहेत. प्रगती अहवालात यांची नोंद कुणी करायची? विनियमांनुसार सल्लागार समितीचा निमंत्रक स्वतः मार्गदर्शकच असतो. म्हणजे ज्याच्या मार्गदर्शनाविषयी विद्यार्थ्याला बोलायचे आहे, तोच बैठक बोलावतो आणि तोच समोर बसलेला असतो. पुढे शिफारसपत्र त्याच्याकडूनच घ्यायचे आहे, हे विद्यार्थी विसरू शकत नाही. अशा बैठकीत तो खरे बोलेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

मार्गदर्शकांची उपलब्धता हा तर याहून मोठा प्रश्न. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. मर्यादा योग्यच आहे. पण ती अध्यापकांच्या पुरेशा संख्येवर उभी आहे. संसदेत वेळोवेळी दिल्या गेलेल्या उत्तरांनुसार, २०२१-२२ च्या सुमारास केंद्रीय विद्यापीठांतली सहा हजारांहून अधिक मंजूर अध्यापकपदे रिक्त होती. अनेक राज्य विद्यापीठांतही रिक्त पदे हा वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे. एक प्राध्यापकपद रिक्त राहिले की, संशोधनाच्या आठ जागांचे मार्गदर्शन हरवते. उरलेल्या अध्यापकांवर अध्यापन, परीक्षा आणि प्रशासन यांचा भार वाढतो, तो वेगळाच.

निवृत्तीचा नियमही पाहण्यासारखा आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाने नवे विद्यार्थी घेऊ नयेत, असे विनियम सांगतात. पण पीएच.डी.चा किमान कालावधीच तीन वर्षांचा आहे आणि प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. साहजिकच काहींचा मार्गदर्शक ऐन लेखनाच्या टप्प्यावर निवृत्त होतो. त्याला सत्तराव्या वर्षापर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहता येते, मुख्य मार्गदर्शक म्हणून नाही. नवा मार्गदर्शक मिळवणे, विषय त्याच्या पसंतीस उतरवणे आणि कागदपत्रे नव्याने मंजूर करून घेणे यांत सत्र सहज जाते. विद्यार्थ्याचे घड्याळ या काळात थांबत नाही.

पाच वर्षांचा पैसा, सहा वर्षांची मुदत

दुसरी विसंगती पैशाची आहे. आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप आधी दोन वर्षांसाठी मिळते, मग मूल्यमापन होऊन वरिष्ठ फेलोशिप तीन वर्षांसाठी मिळते. एकूण मुदत पाच वर्षांची. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम अनुक्रमे ३७ हजार आणि ४२ हजार रुपये दरमहा झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र नियम प्रबंधासाठी सहा वर्षे देतो आणि पैसा पाच वर्षांत संपतो. शेवटचे वर्ष हे बहुधा सर्वांत कठीण लेखनाचे वर्ष असते आणि नेमके त्याच वर्षी विद्यार्थ्याला उपजीविकेसाठी तासिका तत्त्वावर शिकवायला किंवा खासगी शिकवण्या घ्यायला बाहेर पडावे लागते. पुढच्या बैठकीत प्रगती मंदावल्याचा ठपका त्याच्यावरच येतो.

करोनाकाळात ही विसंगती उघडी पडली. ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे बंद असल्याने आयोगाने प्रबंध सादर करण्याची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली. त्याच वेळी फेलोशिपची मुदत पाच वर्षांचीच राहील, असेही स्पष्ट केले. वेळ वाया गेला हे मान्य झाले. त्या वेळेत पोट कसे भरायचे, याचा विचार झाला नाही.

आणि ही गोष्ट सर्वाधिक भाग्यवान विद्यार्थ्यांची आहे. केंद्रीय विद्यापीठांत नेट-जेआरएफ नसलेल्यांना दरमहा आठ हजार रुपये मिळतात. ही फेलोशिप बंद करण्याच्या हालचालींविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर विद्यार्थ्यांचे दीर्घ आंदोलन झाले होते. फेलोशिप वाचली, पण रक्कम आठ हजारांवरच थांबली. राज्य विद्यापीठांतल्या आणि संलग्न महाविद्यालयांतल्या असंख्य संशोधकांना तेवढेही मिळत नाहीत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधकांना वारंवार आंदोलने करावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. सहा महिन्यांच्या प्रगतीचे मोजमाप मात्र सर्वांना एकच आहे. दरमहा ३७ हजार मिळणारा आणि काहीच न मिळणारा, दोघेही एकाच रकान्यात मोजले जातात.

प्रबंध दिल्यानंतरची शांतता

तिसरी विसंगती प्रबंध सादर केल्यानंतरची. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंतची संपूर्ण प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, असे विनियम म्हणतात. प्रत्यक्षात परीक्षकांची यादी मंजूर होण्यात, प्रबंध पाठवण्यात आणि अहवाल येण्यात वर्ष उलटल्याची उदाहरणे विद्यापीठीय वर्तुळात नवी नाहीत. या काळात विद्यार्थी ना विद्यार्थी असतो, ना डॉक्टर. फेलोशिप थांबलेली, वसतिगृह सोडलेले आणि सहायक प्राध्यापकपदाच्या जाहिरातीची अंतिम तारीख पुढे निघून जाणारी. विद्यार्थ्याची मुदत चुकली तर नोंदणी रद्द होऊ शकते. विद्यापीठाची मुदत चुकली तर काय होते, यावर विनियम गप्प आहेत.

स्त्रियांसाठीच्या तरतुदींतही हीच वृत्ती दिसते. दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांची रजा यांचे महत्त्व नाकारता येणार नाही. विवाहामुळे वा अन्य कारणाने स्थलांतर करावे लागल्यास संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभाही विनियमांत आहे. पण या सवलती वेळेच्या आहेत, साधनांच्या नाहीत. परिसरात पाळणाघर नसेल, नव्या गावातल्या विद्यापीठात मार्गदर्शकाची जागा रिकामी नसेल आणि वाढीव वर्षांसाठी फेलोशिप नसेल, तर वाढवून दिलेली दोन वर्षे कागदावरच राहतात.

जबाबदारी दोन्ही बाजूंची

संस्थांकडे जाब मागणे अशक्य आहे, असे नाही. ब्रिटनच्या आर्थिक व सामाजिक संशोधन परिषदेने १९८० च्या दशकात एक कठोर पाऊल उचलले. ज्या संस्थांतले फारच थोडे विद्यार्थी ठरावीक मुदतीत प्रबंध सादर करत, त्या संस्थांना परिषदेच्या नव्या विद्यार्थिवृत्त्या देणे थांबवण्यात आले. प्रबंध वेळेत होणे ही विद्यार्थ्याइतकीच विभागाचीही जबाबदारी मानली गेली. या धोरणाची उणी बाजूही होती. मुदतीच्या धाकाने विषय लहान आणि सुरक्षित निवडले जातील, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली आणि ती निराधार नव्हती. तरीही, पैसा देणारी संस्था विद्यापीठालाही प्रश्न विचारू शकते, हा धडा घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे सुरुवात साध्या गोष्टींपासून होऊ शकते. प्रत्येक विभागाने किती जणांना प्रवेश दिला, किती जणांनी किती वर्षांत प्रबंध सादर केला, किती जणांनी सोडला आणि मूल्यमापनास किती महिने लागले, ही माहिती दरवर्षी संकेतस्थळावर जाहीर करावी. प्रगती अहवालात विद्यार्थ्याने भरायचा एक स्वतंत्र भाग असावा आणि तो मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत समितीच्या अन्य सदस्यांसमोर मांडता यावा. मार्गदर्शक बदलणे, परवानगी रखडणे, उपकरण बंद असणे यांसारख्या कारणांनी गेलेला काळ मुदतीतून वजा व्हावा. फेलोशिप किमान सहाव्या वर्षापर्यंत, प्रबंध सादर होईतो चालावी. आणि मूल्यमापनाला सहा महिन्यांहून अधिक वेळ लागला, तर त्यापुढचा निर्वाहभत्ता विद्यापीठाने द्यावा. यांतली पहिली तीन पावले टाकायला फारसा पैसा लागत नाही. हवी आहे ती इच्छा.

२०२२ च्या विनियमांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती त्यांनी काढून टाकली. त्या सक्तीने संशोधनाचा दर्जा वाढण्याऐवजी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार वाढला, हे उशिरा का होईना ध्यानात आले. मोजता येते तेच मोजत बसले की, माणसे मोजमापापुरतेच काम करतात, हा त्या अनुभवाचा अर्थ. सहामाही प्रगतीच्या बाबतीतही तोच धोका आहे. शेरा 'समाधानकारक' यावा म्हणून प्रश्न लहान करणे, फील्डवर्क आटोपते घेणे, वादग्रस्त विषय टाळणे, हे सारे घडू शकते आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

प्रबंध एका विद्यार्थ्याच्या नावावर निघतो. पण त्यामागे मार्गदर्शकाचा वेळ, विभागाची साधने आणि समाजाचा पैसा असतो. तो पूर्ण झाला तर विद्यापीठ आपल्या वार्षिक अहवालात अभिमानाने त्याची नोंद करते. तो अर्धवट राहिला, तर त्यातला आपला वाटा मान्य करण्याची तयारीही विद्यापीठाने ठेवायला हवी. पुढच्या सत्राच्या बैठकीत सहा महिन्यांत काय केले, हा प्रश्न जरूर विचारला जावा. फक्त तो टेबलाच्या दोन्ही बाजूंना विचारला जावा.