दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत कोणता चित्रपट पाहावा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगाव आणि धुळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात चित्रपटाची मागणी सुरू होते. आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकत्र बसून पाहता येईल असे काय निवडावे, हा प्रश्न मग पालकांसमोर उभा राहतो. खरी अडचण असते ती नऊ ते बारा वर्षांच्या मुलांची. कार्टून त्यांना बालिश वाटू लागलेले असते आणि मोठ्यांच्या चित्रपटांतील हिंसा व प्रणय समजून घेण्याइतकी प्रगल्भता अद्याप आलेली नसते.

निवडीची पहिली पायरी म्हणजे चित्रपटाच्या आरंभी दिसणारे प्रमाणपत्र. 'यू' म्हणजे सर्वांसाठी, 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी. या दोहोंमध्ये १९८३ साली 'यूए' हा वर्ग आला. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग करण्यात आले. दहा वर्षांच्या मुलाने १३ वर्षांवरील गटातील चित्रपट पाहायचा, तर तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली, असा याचा अर्थ. 'ए' चित्रपटाला अल्पवयीनांना प्रवेश नसतो. 'यूए'च्या बाबतीत मात्र निर्णय पालकांवरच सोपवलेला आहे. इंटरनेटवरील चित्रपट व मालिकांसाठीही २०२१ च्या नियमांनुसार असेच वयोगट असून, १३ वर्षांवरील व त्यापुढील गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. घरातील मोबाइल आणि टीव्हीवर ती एकदा तपासून पाहावी.

तथापि प्रमाणपत्र वयाचा अंदाज देते, आशयाची ओळख करून देत नाही. 'सैराट' (२०१६) या चित्रपटाची गाणी महाराष्ट्रभर वरातींतून वाजली, शाळकरी मुले त्यांवर नाचली. परंतु चित्रपटाचा शेवट नायक-नायिकेच्या निर्घृण हत्येने आणि त्यांच्या चिमुकल्या बाळाच्या रक्ताळलेल्या पावलांनी होतो. केवळ गाण्यांवरून निवड करणाऱ्या पालकांवर मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ अचानक येते. जात आणि प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्या हे वास्तव मुलांना कधीतरी सांगावेच लागेल. पण केव्हा आणि कशा शब्दांत, हे आधी ठरवलेले बरे.

याचा अर्थ दुःखाचा प्रत्येक प्रसंग टाळावा असा नव्हे. वडील गमावलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दिला. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी केलेल्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. त्यातही गरिबी आणि मृत्यू आहेच. मुलांना दुःख कळते. त्या दुःखाला प्रेमाचा आधार असला, की ते पेलतेही. हलकेफुलके काही हवे असल्यास सायकल वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या पंढरपूरच्या भावंडांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) उत्तम.

शक्य असल्यास आई-वडिलांपैकी एकाने चित्रपट आधी पाहावा. निदान शेवट माहीत करून घ्यावा. घरात लहानमोठी भावंडे एकत्र बसणार असतील, तर निवड सर्वांत धाकट्याच्या वयानुसार करावी. एखादे दृश्य पाहून मूल अस्वस्थ झाले, तर 'भित्रा' म्हणून हसण्याऐवजी चित्रपट थांबवावा. अवघडलेपणा आला म्हणून घाईने चॅनेल बदलल्यास मुलाचे कुतूहल शमत नाही. ते मित्रांकडे किंवा मोबाइलकडे वळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नंतरचा संवाद. कोणते पात्र आवडले, कोण चुकले, एवढे विचारले तरी मूल बोलू लागते. चित्रपटात न समजलेली गोष्ट घरात विचारता येते, हा विश्वास मुलाला या वयातच मिळायला हवा.