‘तुंबणे’ आणि ‘साचणे’ : मांजराच्या स्वयंचलित शौचपात्रातील निचऱ्याचे बिघाड

पाळीव मांजरासाठी घरात ठेवावयाच्या शौचपात्रास पाश्चात्त्य देशांत लिटर-बॉक्स म्हणतात. अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लो याने या पात्रात वाळू वा राख यांऐवजी मराठीत जिला मुलतानी माती म्हणतात त्या जातीची माती वापरण्याचा प्रघात पाडला. पुढे ही माती उपसण्याचाही त्रास नको, म्हणून पाण्याने स्वतःस धुऊन घेणारी यंत्रे तेथे निघाली. ‘कॅटजिनी’ हे त्यांतील एक परिचित यंत्र होय. त्याच्या पात्रात मातीऐवजी धुऊन पुनःपुन्हा वापरता येणारे प्लॅस्टिकचे दाणे असतात. पंजासारखा एक हात विष्ठा उचलून मागील कुंडीत टाकतो, तेथे ती पाण्यात घोटली जाते आणि नळीवाटे संडासात किंवा मोरीत सोडली जाते. दाणे धुऊन झाल्यावर गरम हवेने वाळविले जातात.

असे यंत्र बिघडले म्हणजे मालकाची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : ‘निचरा होत नाही.’ या वाक्यात निरनिराळ्या कारणांचे निरनिराळे दोष एकत्र झालेले असतात. मराठीतील दोन क्रियापदे येथे उपयोगी पडण्यासारखी आहेत. ‘मोरी तुंबली’ आणि ‘पाणी तुंबले’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध होत. म्हणजे ‘तुंबणे’ या क्रियेचा कर्ता वाटही असू शकतो व वाटेतील द्रवही, आणि दोन्ही प्रयोगांत अडथळा गृहीत असतो. ‘पाणी साचले’ असे म्हणता येते, ‘मोरी साचली’ असे मात्र कोणी म्हणत नाही. ‘साचणे’ केवळ द्रवाविषयी बोलते; वाटेविषयी ते काहीच सांगत नाही. पात्रात पाणी दिसताच ‘तुंबले’ असे म्हणणारा मनुष्य न तपासताच निदान करून बसतो, व नळीत तार खुपसू लागतो.

खरोखर तुंबले आहे काय, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. संडासात सोडलेले नळीचे टोक काढून ते खाली ठेवलेल्या बादलीत धरावे आणि यंत्राचा निचऱ्याचा टप्पा चालू करावा. बादलीत पाणी जोराने आले, तर पंप व नळी निर्दोष आहेत. दोष घराच्या मोरीत, किंवा नळी पंपाच्या आवाक्याहून उंच चढविण्यात आहे. पाणी आले नाही वा संथ आले, तर नळी कोठे दुमडली आहे का ते आधी पाहावे. त्यानंतर विजेचा संबंध तोडून व नळ बंद करून कुंडी उघडावी. लांब केसांच्या मांजराच्या घरी केसांची दोरीच पंपाच्या पात्याभोवती वळलेली सापडते. त्याच घरात मातीचे दुसरे पात्र असेल, तर मांजराच्या पंजांना चिकटून आलेली माती पाण्यात फुगून चिखल करते. मोऱ्या मोकळ्या करण्याचे तीव्र रसायन येथे मुळीच ओतू नये, कारण मांजर आपले पंजे चाटते.

पाणी नुसते साचले असेल, तर गोष्ट वेगळी. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या संवेदकावर मळाचा थर बसला की यंत्र प्रमाणाबाहेर पाणी घेते, आणि वाट मोकळी असूनही पात्र ओसंडते. याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. नळीचे टोक पात्राहून पुष्कळ खाली असून मोरीच्या तोंडात हवाबंद बसविले असेल, तर पाणी वक्रनलिकेच्या न्यायाने आपोआप ओढले जाते. यंत्र पाणी घेतच राहते आणि पात्र भरत नाही. मालक नळाला दोष देतो. दोष वस्तुतः निचऱ्याचाच, अतिनिचऱ्याचा असतो. टोकाभोवती हवेला जागा ठेवली की तो दूर होतो.

‘लघवी तुंबणे’ हाही मराठीतील रूढ प्रयोग आहे, आणि या यंत्राच्या संदर्भात तो विसरता येत नाही. नर मांजराचा मूत्रमार्ग अरुंद असतो; खड्यांनी वा श्लेष्म्याच्या बोळ्याने तो बंद झाला, तर एकदोन दिवसांत प्राणावर बेतते. मातीच्या पात्रात रोजचे ओले गोळे मोजता येतात. धुणारे यंत्र ती खूणच वाहून नेते. मांजराच्या येण्याजाण्यावरून चालू होणारे यंत्र दिवसातून वारंवार फिरू लागले, तर ते बिघडले असे समजण्यापूर्वी मांजराकडे पाहावे. ते पुनःपुन्हा येऊन बसत असेल, कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर त्याच दिवशी, तासाचाही विलंब न लावता, पशुवैद्य गाठला पाहिजे. दुरुस्ती लांबणार असेल, तर यंत्राशेजारी मातीचे साधे पात्र मांडून ठेवावे. ओल्या दाण्यांवर पुष्कळ मांजरे पाय ठेवीत नाहीत, आणि साध्या पात्रात लघवी झाली की नाही हे निदान दिसते तरी.